घरासाठी हँडगन: दोघांच्याही हाताला बसेल अशी कशी निवडावी?

माळढोक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहतो. घरात मी, बायको, नऊ वर्षांची लेक, आणि वर्षातले पाच-सहा महिने व्हिजिटर व्हिसावर येणारी माझी आई. गेल्या महिन्यात आमच्याच रस्त्यावर, चार घरं सोडून, भरदुपारी मागचं काचेचं दार फोडून दोघं आत शिरले. त्या घरातल्या आजी तेव्हा वरच्या खोलीत झोपल्या होत्या. जिवावरचं टळलं, पण तेव्हापासून आमच्याकडे रात्री कोणाला धड झोप नाही. मी महिन्यातला एक आठवडा कामासाठी बाहेरगावी असतो, आणि तो आठवडा बायकोला खायला उठतो.

दोघांनी बोलून गन घ्यायचं ठरवलंय. ग्रीन कार्ड दोघांचंही आहे. परवा दुकानात गेलो तर काउंटरवरच्या माणसाने माझ्या हातात ग्लॉक 19 हे 9 एमएमचं पिस्तूल दिलं आणि बायकोपुढे तळहातात मावेल अशी पाच गोळ्यांची रिव्हॉल्व्हर ठेवली, "लेडीजना हीच बरी" म्हणून. तिने रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर ओढून पाहिला तर बोट अर्ध्यावरच थांबलं. दोन्ही हातांची बोटं लावली तेव्हा कुठे तो मागे गेला. ती काही बोलली नाही, पण गाडीत बसल्यावर म्हणाली, "मला जमणार नाही हे."

तर प्रश्न असे: पिस्तूल की रिव्हॉल्व्हर, 9 एमएम की .380 (ही गोळीची मापं), आणि एकच घ्यावी की दोघांच्या दोन? ज्यांनी घेतली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रानजाई

माळढोक, वहिनींना आधी सांगा की त्यांचं काही चुकलेलं नाही. त्यांना चुकीची वस्तू दाखवली गेली.

मी ह्यूस्टनला असते, अकरा वर्षं शूटिंग करते आहे. मला दोन-चारच्या बांगड्या लागतात, म्हणजे हात किती लहान ते समजा. माझीही सुरुवात तशाच छोट्या रिव्हॉल्व्हरने झाली होती आणि पहिल्या दिवशी वीस गोळ्यांनंतर अंगठ्याच्या मुळाशी कातडी सोलून निघाली. ही छोटी रिव्हॉल्व्हर वजनाला जेमतेम 15 औंस असते. गोळी तीच आणि गन हलकी, म्हणजे धक्का सगळा हातात येतो. त्यात ट्रिगर ओढायला साधारण 12 पौंड जोर लागतो. ग्लॉकला त्याच्या निम्माही लागत नाही. वर नेम धरायचा तो नळीवरच्या एका खाचेतून. या गन मुळात अंगावर लपवून नेण्यासाठी बनवलेल्या आहेत आणि सरावलेल्या हातातच शोभतात. घरात ठेवायची गन कोणापासून लपवून कमरेला लावायची नसते. तिथे वजन आणि लांबी दोन्ही तुमच्या बाजूने काम करतात.

आता हाताला बसणं म्हणजे काय ते सांगते. दुकानात गन रिकामी आहे हे स्वतः पाहून घ्या, मग उजव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी गनच्या मुठीच्या मागच्या बाजूला जितकी वर जाईल तितकी वर रोवा. कोपरापासून नळीपर्यंत एक सरळ रेष दिसली पाहिजे. तशीच पकड ठेवून तर्जनी ट्रिगरवर न्या. बोटाचं पहिलं पेर, त्यातला मऊ भाग, ट्रिगरच्या मधोमध यायला हवा. तिथे पोचायला मनगट वळवावं लागलं तर ती गन मोठी आहे. मग धक्का हाडांच्या रेषेत न जाता अंगठ्याच्या सांध्यावर बसतो आणि गोळी एका अंगाला जाते. माझ्या हातात ग्लॉक 19 नेमकी अशीच वळते. वाईट गन नाही ती, लाखो लोक वापरतात, पण माझ्या हाताची नाही.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: एकच घ्या, आणि ज्याचा हात लहान त्याच्या हाताने निवडा. मोठा हात लहान मुठीवर जमवून घेतो. उलटं होत नाही.

नेमबाज_काका

रानजाईताईंच्या शब्दाशब्दाला अनुमोदन. मी फिनिक्सला राहतो, निवृत्तीनंतर रेंजवर सेफ्टी ऑफिसर म्हणून स्वयंसेवा करतो. दर शनिवारी किमान एक नवरा बायकोसाठी आधीच गन विकत घेऊन आलेला असतो. ती एक मॅगझिन रिकामी करते, गन खाली ठेवते आणि पुन्हा येत नाही. म्हणून माळढोक, विकत काही घेऊ नका. आधी भाड्याने चालवा. तुमच्याकडच्या बहुतेक मोठ्या इनडोअर रेंजवर गन भाड्याने मिळतात, गोळ्या त्यांच्याकडूनच घ्याव्या लागतात.

लहान हातांसाठी पाहायच्या दोन ठळक गोष्टी. स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझी: 2018 साली .380 मध्ये आली, 2020 साली 9 एमएममध्ये. मॅगझिनमध्ये आठ गोळ्या, आणि स्लाइडची (गोळी भरताना मागे ओढायचा वरचा भाग) स्प्रिंग मुद्दाम हलकी. दुसरी वॉल्थरची पीडीपी एफ सिरीज, 2022 ची. ती बायकांचे हात डोळ्यांपुढे ठेवून आखलेली आहे: मूठ बारीक, ट्रिगर जवळ, स्लाइड ओढायला कमी जोर. मुठीच्या मागच्या पट्ट्या बदलता येतात.

.380 बद्दल: गोळी 9 एमएमच्याच जाडीची, पण दारू कमी. मनगट दुखत असेल, संधिवात असेल तर .380 घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त ती ईझीसारख्या वजनदार गनमध्ये घ्या. खिशात मावणाऱ्या दहा औंसाच्या .380 चा धक्का भल्या मोठ्या 9 एमएमपेक्षा जास्त झोंबतो. हात निरोगी असतील तर 9 एमएम. 1986 साली मायामीत दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीनंतर एफबीआय आधी जास्त ताकदीच्या 10 एमएमकडे आणि मग .40 कडे वळली होती. पुढे गोळ्याच इतक्या सुधारल्या की .40 चा फायदा उरला नाही, आणि 2014-15 च्या सुमारास ती 9 एमएमवर परत आली. त्यांच्या स्वतःच्या अभ्यासातलं मुख्य कारण हेच होतं की बहुतेक एजंटांचा नेम 9 एमएमने चांगला लागतो आणि ते लवकर गोळी झाडू शकतात.

पहाटवारा

मी एच-1बीवर आहे, सिएटलला. मलाही घ्यायची आहे. वॉशिंग्टनमध्ये काय प्रक्रिया आहे?

हिरवा_चाफा

पहाटवारा, थांबा. राज्याचा प्रश्न नंतर येतो, आधी फेडरल कायदा पाहा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला गन घेणं, बाळगणं, दोन्ही मना आहे. एच-1बी, एच-4, एल-1, एफ-1, सगळे त्यात आले. अपवाद थोडे आहेत, त्यातला आपल्या माणसांना लागू होणारा म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. तो नसताना रेंजवर भाड्याची गन हातात घेणंसुद्धा 'ताब्यात असणं' धरलं जातं. रेंजवाले प्रत्येक वेळी विचारतीलच असं नाही, पण विचारलं नाही म्हणून ते कायदेशीर होत नाही. हा फेडरल गुन्हा आहे आणि ग्रीन कार्डची रांग एका दुपारपायी मोडेल. इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलल्याशिवाय पाऊल टाकू नका, ही कळकळीची विनंती.

माळढोक, यात तुमच्यासाठीही एक गोष्ट आहे. आई व्हिजिटर व्हिसावर आहेत ना? मग सेफचा नंबर त्यांना देऊ नका, चावी त्यांच्या खोलीत ठेवू नका. आईला माहीत असलेलं बरं, असं आपल्याला सहज वाटतं. कायद्याला तसं वाटत नाही.

मी एडिसनला राहतो. न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनसाठी पोलिसांकडून वेगळं परमिट, त्याची मुदत 90 दिवस. मॅगझिन दहाच गोळ्यांचं. कॅलिफोर्नियात राज्याने मंजूर केलेल्या यादीतल्याच हँडगन दुकानातून घेता येतात आणि दहा दिवस थांबावं लागतं. टेक्सासात फॉर्म 4473 (दुकानात खरेदीदाराने भरायचा फेडरल फॉर्म) आणि एफबीआयची पार्श्वभूमी तपासणी, बहुतेक वेळा त्याच दिवशी गन हातात. सोपं आहे म्हणून घाई करू नका.

पहाटवारा

हे मला खरंच माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी ऑफिसच्या मित्रांबरोबर रेंजवर जायचं ठरलं होतं, आत्ताच रद्द केलं. मनापासून आभार.

सह्यवारा

हँडगनच्या भानगडीत कशाला पडता? 12 बोअरची पंप शॉटगन घ्या. खटक-खटक आवाजानेच चोर पळतो, आणि नेम धरायची गरज नाही.

नेमबाज_काका

सह्यवारा, शॉटगन चांगलं हत्यार आहे, पण या दोन्ही गोष्टी तपासून पाहा. घरातल्या अंतरावर, 15-20 फुटांवर, बकशॉटचे छर्रे फार तर वीतभर पसरतात. नेम धरावाच लागतो. आणि आवाजाने पळेल हा भरवसा आहे. पळाला नाही तर आपण कुठे उभे आहोत हे त्याला कळलेलं असतं. शिवाय एका हाताने लेकीला धरून दुसऱ्या हाताने शॉटगन चालत नाही.

भिंतींचा विचारही याच ओघात करून घ्या. इथल्या आतल्या भिंती अर्ध्या इंचाच्या ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्समच्या पाट्यांच्या. 9 एमएम असो, बकशॉट असो, अशा दोन-तीन भिंती आरपार जातात. कागद घेऊन घराचा नकाशा काढा. तुमच्या बेडरूमच्या दारातून जिन्याकडे नेम धरला तर त्या रेषेत मागे काय येतं? लेकीची खोली? आईची? मग ती जागा आपली नाही, दुसरी शोधा. बहुतेक घरांत योग्य उत्तर असतं: सगळ्यांना एका खोलीत घ्या, दार लावा, पलंगाच्या पलीकडे बसा, 911 ला फोन सुरू ठेवा, आणि गन दाराकडे. घर पिंजून काढायला एकट्याने जाऊ नका.

आणि टॉर्च. गनइतकीच महत्त्वाची, आणि हातात वेगळी. गनवर लावलेल्या दिव्याने कोण आहे ते पाहायला गेलात तर त्या माणसावर नळी आधीच रोखलेली असते. 17 ऑक्टोबर 1992 ला बॅटन रूजमध्ये योशिहिरो हत्तोरी नावाचा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या पार्टीला निघाला आणि चुकीच्या घराची बेल वाजवली. घरमालकाने 'फ्रीज' म्हणून ओरडून गोळी घातली. मुलगा जागीच कोसळला. फौजदारी खटल्यात मालक सुटला, दिवाणीत हरला. आपल्याकडे गणपतीत दहा घरी दर्शनाला जाताना किती वेळा पत्ता चुकतो, किती मुलं भलत्या दारात उभी राहतात? गोळी झाडायच्या आधी समोर कोण आहे हे दिसलं पाहिजे, आणि त्याच्या मागे काय आहे तेही.

दवबिंदू

मी ओहायोत परिचारिका आहे. लहान मुलांच्या वॉर्डात काम करते, म्हणून मला निवडीपेक्षा ठेवण्याबद्दल जास्त बोलायचं आहे.

माळढोक, तुमची लेक नऊ वर्षांची. तिला तुमच्या कपाटातला चॉकलेटचा डबा कुठे आहे हे माहीत आहे, दिवाळीच्या भेटवस्तू कुठे लपवता हेही माहीत आहे. उशीखाली, ड्रॉवरमध्ये, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेली गन तिला सापडेल. टेक्सासात सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली गन लागू देणं हा गुन्हा आहे, पण कायदा राहू द्या. 2020 पासून या देशात 1 ते 19 वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण गन आहे. मोटार अपघातांत जाणाऱ्या मुलांच्या संख्येलाही तिने मागे टाकलं.

पलंगाशेजारी लहान स्टीलची सेफ, भिंतीच्या लाकडी खांबात किंवा पलंगाच्या चौकटीत बोल्टने आवळलेली. उचलून नेता येणारी सेफ म्हणजे चोराला दिलेली पिशवी. मला स्वतःला मेकॅनिकल बटणांची सेफ पसंत आहे, जिथे बॅटरी लागत नाही. बोटाच्या ठशाची आमच्याकडे होती. हिवाळ्यात बोटं कोरडी पडली की उघडायची नाही, आणि एका रात्री बॅटरी संपलेली कळली. अंधारात, डोळे मिटून, तीन-चार सेकंदांत उघडेपर्यंत दोघांनी रोज सराव करा. त्याच सेफमध्ये कानावरचे मफ ठेवा. बंद खोलीत 9 एमएमचा आवाज 160 डेसिबलच्या आसपास जातो.

आता जे लिहिते आहे ते लिहायला मला दोन दिवस लागले. माझा मुलगा सोळाचा असताना नैराश्यात गेला. आमच्या घरात नवऱ्याच्या दोन गन होत्या, सेफमध्ये, कुलपात. त्याच्या समुपदेशकाने पहिल्याच भेटीत विचारलं, घरात गन आहे का, आणि मुलाला नंबर ओळखता येईल का? नंबर होता आमच्या लग्नाची तारीख. त्या संध्याकाळी नवरा दोन्ही गन बाहेर ठेवून आला, त्या दीड वर्ष घरी आल्या नाहीत. मुलगा आज एकवीसचा आहे, कॉलेजात आहे. अमेरिकेत 2021 साली गनने 48,830 माणसं गेली, त्यातल्या 26,328 जणांनी स्वतःवर गोळी झाडली होती. म्हणजे निम्म्याहून जास्त. गन घेताना आपण दाराबाहेरच्या माणसाचा विचार करतो, म्हणून हे इथे सांगावंसं वाटलं. घरात कोणाचंही मन ठीक नसेल तर ती काही काळ बाहेर ठेवा. 988 हा मानसिक संकटात मदत देणारा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

रानजाई

दवबिंदू, हे लिहिलंत म्हणून तुमचे आभार मानते. आमच्याही सेफचा नंबर मुलाची जन्मतारीख होती. वाचून उठले आणि बदलून आले.

कृष्णाकाठ

मी सांगलीकडचा, शेती करतो. तुमची चर्चा वाचताना वाटलं, इथे निवडीला वावच केवढा! आमच्याकडे 9 एमएम, .38, .45 ही प्रतिबंधित बोअर (नळीची मापं), सामान्य माणसाला परवानाच नाही. हँडगन म्हणजे मुख्यतः .32, बहुतेक जण कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याची रिव्हॉल्व्हर घेतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं, परवान्याची मुदत मात्र तीनची पाच वर्षं झाली. निवडणूक लागली की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करा, निकालानंतर परत आणा. आजोबांची दुनळी 12 बोअर आम्ही रानडुकरांसाठी ठेवली आहे.

एक सांगू का? परवाना मिळायच्या आधी आमच्या वस्तीवर आम्ही दोन कुत्री पाळली आणि दाराला आतून अडसर घातला. आजोबा म्हणायचे, चोर दारापाशीच थकला पाहिजे.

नेमबाज_काका

कृष्णाकाठांच्या आजोबांचं म्हणणं इथेही लागू आहे. माळढोक, घराच्या दाराची कडी ज्या पट्टीत बसते तिचे स्क्रू काढून पाहा. बिल्डरने पाऊण इंची लावलेले असतात, एका लाथेत निघतात. तीन इंची लावा, ते चौकट ओलांडून मागच्या खांबात शिरतात. डॉलरभराचं काम आहे. मागच्या काचेला सिक्युरिटी फिल्म चिकटवा, काच तडकली तरी जागेवर राहते. दार फोडायला जास्त वेळ लागला तर तेवढा वेळ वहिनींना सेफपर्यंत जायला मिळतो.

माळढोक

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल क्षमा असावी. सांगण्यासारखं बरंच झालं.

आधी दारं. तिन्ही दारांचे स्क्रू बदलले. काकांनी म्हटलं तसेच निघाले, पाऊण इंची, आणि एक तर नुसता प्लास्टरमध्ये अडकलेला होता. मागच्या काचेला फिल्म लावली. मग आईशी बोललो. मला वाटलं होतं ती घाबरेल. ती म्हणाली, "मला नंबर नको, मला फक्त सांग कुठल्या खोलीत पळायचं." आता ती आणि लेक दोघी आमच्या बेडरूममध्ये येतात, असं ठरलंय. दोनदा करून पाहिलं, आईला गुडघ्यांमुळे 40 सेकंद लागतात. म्हणून आता तिची झोपायची खोली बदलून आमच्या शेजारची केली.

मग रेंज. एका बाई प्रशिक्षक मिळाल्या, त्यांनी पहिला अर्धा तास गोळीच दिली नाही. नुसती पकड, उभं राहणं, आणि स्लाइड. बायको स्लाइड ओढायची ती गन छातीपासून लांब धरून, लोणच्याच्या बरणीचं झाकण चिमटीत धरून उघडावं तशी. त्यांनी गन छातीजवळ आणवली, नळी समोर टार्गेटकडेच, डाव्या पंजाने स्लाइड वरून गच्च धरायची आणि उजव्या हाताने गन पुढे ढकलायची. तिसऱ्या वेळी स्लाइड सहज आली. तिचा चेहरा पाहण्यासारखा होता.

चार गन चालवल्या. ग्लॉक 19 तिच्या हातात फिरली, रानजाईताईंनी सांगितलं होतं अगदी तशी. छोटी रिव्हॉल्व्हर मी मुद्दाम स्वतः चालवून पाहिली. पाच गोळ्यांतली एक कागदावर, आणि तळहात संध्याकाळपर्यंत बधिर. शील्ड ईझी तिला आवडली, सगळ्यात सोपी वाटली. पण पीडीपी एफवर सर्वांत लहान पट्टी बसवून दिल्यावर तिचं बोट न ताणता ट्रिगरवर आलं. आमच्या जिन्यापासून बेडरूमच्या दारापर्यंत टेप लावून मोजलं होतं, 19 फूट. म्हणून सात यार्डांवर कागदी प्लेट लावली. दहापैकी आठ तिने प्लेटवर मारल्या. मी त्याच गनने सात.

तीच घेतली, एकच. सेफ बटणांची, पलंगाच्या चौकटीला बोल्टने. नंबर कोणाच्याही तारखेचा नाही. घरासाठी ठरवलेल्या होलो पॉइंट, म्हणजे पोकळ टोकाच्या, शंभर गोळ्या तिने आपल्या हाताने झाडून पाहिल्या, एकही अडकली नाही. रोज रात्री लेक झोपल्यावर दार लावून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, दहा मिनिटं रिकाम्या गनवर ट्रिगरचा सराव करतो. ती स्लाइडवर एक नाणं ठेवते आणि ट्रिगर ओढताना ते पडू देत नाही. माझं अजून पडतं.

परवापासून माझा बाहेरगावचा आठवडा सुरू होतोय. त्याआधी शनिवारी पुन्हा रेंजवर जातोय, तिने कमी उजेडातल्या सरावाची वेळ घेतली आहे. टॉर्च डाव्या हातात कशी धरायची हे काका, जमलं तर त्याआधी लिहाल का?